शब्दांची वंशावळ लिहिणारे सर जेम्स मरे

वाचकहो, तुमच्या घरी आजोबा-पणजोबांच्या वेळचे इंग्रजी पवित्र शास्त्र जपून ठेवलेले असेल, तर ते क्षणभर हाती घ्या. इंग्लंडचा राजा जेम्स याच्या आज्ञेने तयार होऊन १६११ साली प्रसिद्ध झालेले ते भाषांतर. त्यातील थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय उघडा. प्रभूच्या येण्यापर्यंत जिवंत राहिलेल्यांचा आणि महानिद्रा घेतलेल्यांचा क्रम सांगताना तेथे ‘प्रिव्हेंट’ हे क्रियापद आले आहे. त्याचा अर्थ आज शाळेतले मूलही सांगेल: अडवणे, प्रतिबंध करणे. तो अर्थ घेतला तर जिवंत माणसे मृतांना अडवणार नाहीत, असे वाक्य होते. ऐकायला ते थोडे चमत्कारिक वाटते. परंतु अगदीच निरर्थक वाटत नाही, आणि वाचणारा पुढे निघून जातो. आता एकशे एकोणिसावे स्तोत्र काढा. तेथे स्तोत्रकर्ता हेच क्रियापद पहाटेविषयी वापरतो. त्याने पहाट अडवली की काय? येथे मात्र आपण थबकतो.

वस्तुतः १६११ साली त्या शब्दाचा अर्थ होता आधी येणे, पुढे होणे. लॅटिन भाषेत ‘प्रे’ म्हणजे पुढे आणि ‘व्हेनिरे’ म्हणजे येणे. जिवंत असलेले निजलेल्यांच्या आधी जाणार नाहीत, असे प्रेषित सांगतो. आणि स्तोत्रकर्ता उजाडण्यापूर्वी उठून प्रार्थना करतो. जो पुढे जाऊन उभा राहतो तो मागच्याची वाट अडवू शकतो, एवढ्या बारीक धाग्याला धरून हा शब्द सरकत सरकत आजच्या अर्थावर आला, आणि जुना अर्थ मागे पडला. अगदी अनोळखी शब्द वाचकाची फसवणूक करीत नाही, कारण तो त्याला कोशाकडे धाडतो. फसवणूक करतो तो ओळखीचा चेहरा धारण करून आलेला शब्द.

अशा शब्दांचा माग काढण्यात ज्या पुरुषाने आपल्या आयुष्याची छत्तीस वर्षे वेचली, त्यांची ही जीवनकथा आहे. इंग्रजी भाषेचा थोर ऑक्सफर्ड कोश आपल्यापैकी बहुतेकांना नावाने ठाऊक असतो. त्याचे प्रमुख संपादक सर जेम्स मरे हे एका खेड्यातील शिंप्याचे पुत्र होते आणि चौदाव्या वर्षी त्यांची शाळा सुटली होती, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते.

स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेजवळ हॉइक नावाचे गाव आहे. त्याच्या शेजारच्या डेनहोम या खेड्यात ७ फेब्रुवारी १८३७ रोजी जेम्सचा जन्म झाला. घर गरिबीचे, परंतु भक्तिमान. पुढचे शिक्षण देण्याची आईवडिलांची ऐपत नव्हती. तथापि ज्याला जिज्ञासेची भूक लागली आहे त्याला रानही पाठशाळा होते. दगड, वनस्पती, जुने शिलालेख, तारे आणि सर्वांत अधिक म्हणजे भाषा, यांचा अभ्यास त्या मुलाने स्वतःच्या बळावर चालवला. सतराव्या वर्षी तो हॉइक येथे साहाय्यक शिक्षक झाला आणि विसाव्या वर्षी तेथल्याच एका शाळेचा मुख्याध्यापक. ऑगस्टस आणि हेन्री ही मधली दोन नावे त्याने स्वतःच जोडून घेतली, कारण त्या मुलखात जेम्स मरे नावाची माणसे बरीच होती. शब्दांना एकमेकांपासून वेगळे ओळखता यावे म्हणून जन्मभर झटणाऱ्या माणसाने आरंभ आपल्या नावापासून केला, असे म्हणायला हरकत नाही.

१८६२ साली मॅगी स्कॉट या संगीतशिक्षिकेशी त्यांचा विवाह झाला. त्यांना ॲना नावाची कन्या झाली. ती तान्हेपणीच गेली. पाठोपाठ मॅगीला क्षयरोगाने गाठले. उबदार देशात जाऊन राहावे, असा वैद्यांचा सल्ला होता. परंतु तेवढा पैसा कोठला? निदान स्कॉटलंडची थंडी तरी टळावी म्हणून मरे यांनी मुख्याध्यापकाची जागा सोडली आणि लंडनमध्ये चार्टर्ड बँक ऑफ इंडिया या पेढीत कारकुनी पत्करली. १८६५ साली मॅगीही प्रभूकडे गेली. अठ्ठाविसाव्या वर्षी तो तरुण पत्नी, कन्या आणि आवडते काम या तिन्हींना मुकून परक्या शहरात आकडेमोड करीत बसला होता.

वाचकहो, ते ज्या पदावर बसले होते त्याचे इंग्रजी नाव ‘क्लार्क’. या शब्दाकडे जरा निरखून पाहा. मुळात तो ‘क्लेरिक’ म्हणजे दीक्षित धर्मसेवक या अर्थाचा. मध्ययुगात लिहिता-वाचता येणारा मनुष्य बहुधा धर्मसेवकच असे. म्हणून ज्याला अक्षरओळख आहे तो क्लार्क झाला. मग लेखनिक क्लार्क झाला, मग हिशेबनीस, आणि शेवटी आपल्या कचेऱ्यांतून फायलींच्या ढिगाआड बसलेला सद्गृहस्थ. वेदीपासून टेबलापर्यंतचा हा प्रवास काही शतकांचा आहे. पुढे कोशासाठी ‘सी’ हे अक्षर मरे यांच्याच वाट्याला आले. त्या शब्दाच्या चिठ्ठ्या लावताना त्यांना आपले पेढीतले दिवस आठवले असतील काय, असे माझ्या मनात येते.

१८६७ साली त्यांनी एडा रुथवेन यांच्याशी दुसरा विवाह केला. टेलिफोनचे जनक म्हणून पुढे प्रसिद्धीस आलेले अलेक्झांडर ग्रॅहम बेल त्या वेळी वराचे पाठराखे होते. मरे यांनीच त्यांना विजेची मूलतत्त्वे शिकवली होती. या दांपत्याला अकरा मुले झाली आणि ती सर्व जगली-वाढली. १८७० पासून मरे लंडनजवळच्या मिल हिल शाळेत शिक्षक झाले. राजमान्य अँग्लिकन मंडळीच्या बाहेर असणाऱ्या ख्रिस्ती लोकांनी ही शाळा चालवली होती, आणि मरे स्वतः काँग्रिगेशनल मंडळीचे होते. दक्षिण स्कॉटलंडच्या बोलींवर त्यांनी लिहिलेला ग्रंथ १८७३ साली प्रसिद्ध झाला आणि विद्वानांचे लक्ष त्यांच्याकडे वळले.

आता थोडे मागे जाऊ. १८५७ हे साल आपल्याला एका वेगळ्या कारणासाठी पाठ असते. त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात लंडनच्या भाषाशास्त्रीय संस्थेपुढे रिचर्ड चेनेव्हिक्स ट्रेंच या धर्मपुरुषांनी दोन निबंध वाचले. ते तेव्हा वेस्टमिन्स्टर ॲबेचे डीन होते. पुढे डब्लिनचे आर्चबिशप झाले. त्यांचा मुद्दा क्रांतिकारक होता. कोशकाराने शब्दांचा न्यायाधीश होऊ नये. त्याने इतिहासकार व्हावे. चांगले शब्द ठेवावेत आणि वाईट टाकावेत हे त्याचे काम नव्हे. प्रत्येक शब्द केव्हा जन्मला, कोणकोणत्या अर्थांनी वावरला आणि केव्हा मेला, हे त्याने लेखी पुराव्यानिशी मांडावे. आपल्या मराठीचा मोल्सवर्थकृत कोश दुसऱ्या आवृत्तीने मुंबईत छापून निघाला तोही १८५७ सालीच, आणि बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरीही त्याच वर्षीची. पदमनजींनी पुढे त्या कोशाचा संक्षेपही केला. दूर लंडनमध्ये आणि येथे मुंबईत, एकाच वर्षी, ख्रिस्ती माणसे शब्दांच्या राशी उपसत होती. ही गोष्ट मला मोठी मनोरम वाटते.

ट्रेंच यांच्या कल्पनेला हात घालणारे पहिले संपादक हर्बर्ट कोलरिज. त्यांनी चिठ्ठ्या ठेवण्यासाठी चौपन्न खणांची मांडणी करून घेतली, आणि १८६१ साली अवघ्या तिसाव्या वर्षी ते क्षयाने वारले. नंतरचे संपादक फर्निव्हल उत्साहाचे झरे, पण व्यवस्थेच्या नावाने आनंद. अखेरीस १ मार्च १८७९ रोजी ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाशी करार होऊन हे काम मरे यांच्याकडे आले. दहा वर्षांत संपेल, सुमारे सात हजार पाने होतील, असा अंदाज होता.

काम आले म्हणजे काय आले? गोणीच्या गोणी भरून चिठ्ठ्या आल्या. त्यांचे वजन सुमारे दोन टन होते. एका गोणीत मेलेला उंदीर निघाला, दुसरीत उंदरीण पिलांसह संसार थाटून बसली होती. ‘पी-ए’ने सुरू होणाऱ्या शब्दांच्या चिठ्ठ्या आयर्लंडमधील एका तबेल्यात सापडल्या आणि त्यांतल्या बऱ्याच तोवर चूल पेटवण्यात खर्ची पडल्या होत्या. मरे यांनी शाळेच्या आवारात एक पत्र्याची खोली उभारली. तिला ते लेखनशाळा म्हणत. तिच्यात हजाराहून अधिक खण केले. इंग्रजी वाचणाऱ्या साऱ्या जगाला त्यांनी छापील आवाहन धाडले: जुनी-नवी पुस्तके वाचा, जेथे एखादा शब्द लक्षणीय रीतीने वापरलेला दिसेल तेथे तो शब्द, ग्रंथाचे नाव, साल, पान आणि ते वाक्य एका चिठ्ठीवर उतरून पाठवा.

चिठ्ठ्या येऊ लागल्या. मुलांना थोडासा खाऊचा पैसा मिळे आणि त्यासाठी ती जमिनीवर बसून वर्णानुक्रमे चिठ्ठ्या लावत. मरे कुटुंबातील मुलांचा शब्दसंग्रह त्यांच्या सवंगड्यांच्या मानाने अफाट असावा, यात नवल नाही. थोरला मुलगा हॅरल्ड याने पुढे बुद्धिबळाचा प्रचंड इतिहास लिहिला, १९१३ साली; आणि त्यात त्या खेळाचे मूळ आपल्या भारतातील चतुरंगात असल्याचे दाखवले. बापाने शब्दांचे मूळ शोधावे आणि लेकाने खेळाचे.

एका शब्दाच्या शंभर-दोनशे चिठ्ठ्या जमल्या की त्या सालवार लावायच्या. मग एकेक वाचून अर्थांप्रमाणे गठ्ठे करायचे. मग प्रश्न पडे की या अर्थातून तो अर्थ कसा निघाला? मधला दुवा कोठे आहे? दुवा सापडेपर्यंत मरे स्वस्थ बसत नसत. जहाजाच्या शब्दासाठी खलाशांना, यंत्राच्या शब्दासाठी कारागिरांना, वनस्पतीच्या शब्दासाठी उद्यानपालांना ते पत्रे लिहीत. अर्थ ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही, साक्षीदारांची जबानी घेणे एवढेच आपले काम, अशी त्यांची वृत्ती होती.

अशा रीतीने मरे यांच्याच वाट्याच्या अक्षरांतून जे निघाले त्याचा थोडा नमुना तुमच्यापुढे ठेवतो. आपण ज्याला गळ्यातल्या माळेचा मणी म्हणतो तो ‘बीड’ मुळात प्रार्थना होता. जपमाळेवर प्रार्थना मोजता मोजता मोजण्याचे साधन तेच प्रार्थना या नावाने ओळखले जाऊ लागले, आणि पुढे तर प्रार्थनेशी काही संबंध नसलेल्या काचेच्या दाण्यालाही ते नाव चिकटले. ‘बेडलम’ म्हणजे गोंगाट, गोंधळ. हा शब्द तारणाऱ्याच्या जन्मगावाचा आहे, यावर पटकन विश्वास बसत नाही. लंडनमध्ये १२४७ साली बेथलेहेमच्या मरीयेच्या नावाने एक मठ स्थापन झाला. तेथे पुढे मनोरुग्णांना ठेवू लागले. लोकांच्या तोंडी बेथलेहेमचे बेडलम झाले, आणि त्या घराच्या नावाला त्यातल्या कल्लोळाचा अर्थ आला. ‘टॅलंट’ हा शब्द आपली तरुण मुले रोज वापरतात. ते चांदीचे एक वजन होते. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील तो दाखला पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला, ऐकणाऱ्यांनी ते धन म्हणजे देवाने दिलेली बुद्धी असे समजून घेतले, आणि अखेर वजन विसरले गेले व बुद्धी उरली. एका दाखल्याने एका भाषेतील शब्दाचा अर्थ कायमचा बदलून टाकला!

‘ट्रीकल’ची कथा तर याहून गमतीची. आज त्याचा अर्थ काकवीसारखा दाट गोड पाक. मूळ ग्रीक शब्द हिंस्र पशूचा वाचक. त्यावरून विषारी दंशावरचे औषध, मग कोणतेही गुणकारी औषध, मग औषध ज्या पाकातून देत तो पाक, आणि शेवटी औषध गेले व पाक राहिला. १५६८ सालच्या इंग्रजी पवित्र शास्त्रात यिर्मयाच्या आठव्या अध्यायातील गिलादच्या मलमासाठी हाच शब्द घातलेला आहे. त्या काळी कोणाला त्यात वावगे वाटले नाही. नंतरच्या वाचकांना मात्र संदेष्टा गिलादात काकवी शोधतो आहे असे वाटू लागले, आणि ते भाषांतर ‘ट्रीकल बायबल’ या थट्टेच्या नावाने प्रसिद्ध झाले.

परंतु सगळ्याच गोष्टी हसण्यावारी नेण्याजोग्या नाहीत. १६११ च्या भाषांतरात करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात प्रीतीसाठी ‘चॅरिटी’ हा शब्द आहे. लॅटिनमधील जिव्हाळ्याच्या, मोलाच्या प्रेमाचा वाचक असा हा शब्द. प्रेम करणारा देतो, म्हणून देणे म्हणजे चॅरिटी. आणि मग देण्यामागचे प्रेम गळून केवळ दानधर्म उरला. आता आजच्या अर्थाने तो अध्याय वाचून पाहा. आपले सर्वस्व गोरगरिबांना वाटले, पण चॅरिटी नसली तर व्यर्थ, असे प्रेषित म्हणतो. सर्वस्व वाटणे हीच तर आज चॅरिटी! ज्या दोन गोष्टींतला भेद दाखवण्यासाठी पौलाने लेखणी उचलली, त्या दोहोंना शब्दाने एकच करून टाकले. १८८१ साली इंग्रजी नव्या कराराची सुधारलेली आवृत्ती निघाली तेव्हा पंडितांनी तेथे प्रेमवाचक सोपा शब्द घातला. कित्येक भाविकांना ते रुचले नाही. कानाला सवय झालेला शब्द काढला की श्रद्धेलाच हात घातल्यासारखे वाटते. मरे यांच्या कोशातील चिठ्ठ्या मात्र सुधारकांच्या बाजूने साक्ष देत होत्या.

‘कॉन्व्हर्सेशन’ म्हणजे आज संभाषण. तेव्हा आचरण, वर्तणूक. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात विश्वास न ठेवणारे पती आपल्या स्त्रियांच्या वर्तणुकीने, एका शब्दावाचून, मिळवले जातील असे लिहिले आहे. आजचा अर्थ लावला तर ते शब्दावाचून संभाषणाने मिळवले जातात! ‘केअरफुल’ म्हणजे आज दक्ष. तेव्हा चिंतेने भरलेला. फिलिप्पैकरांस लिहिताना पौल चिंता करू नका म्हणतो, आणि जुन्या इंग्रजीचा नवा वाचक समजतो की प्रेषिताने निष्काळजीपणाची मुभा दिली. लेवीय पुस्तकातील अन्नार्पण पिठाचे, तेलाचे. परंतु इंग्रजीत त्याचे नाव ‘मीट’चे अर्पण, कारण तो शब्द पूर्वी कोणत्याही अन्नाला लागे आणि नंतर आक्रसून मांसापुरता झाला. हे अक्षर मरे यांच्या सहकाऱ्याच्या वाट्याचे, तरी पद्धत मरे यांचीच.

तुमच्यापैकी जे इंदूर, भोपाळ किंवा दिल्लीकडे राहतात त्यांना याची प्रचिती घरबसल्या येते. तिकडच्या मुलाला ‘शिक्षा’ मिळाली तर आईबाप आनंदतात. आमच्या मराठी मुलाला मिळाली तर तो घरी सांगत नाही. संस्कृतात ‘राग’ म्हणजे रंग, आसक्ती, मराठीत संताप. शब्द एकच, पण प्रत्येक भाषेने त्याला आपल्या वळणाने नेले.

कोशाचा पहिला भाग १८८४ साली बाहेर पडला: ३५२ पाने, आणि मजल ‘ए’पासून ‘अँट’पर्यंत, म्हणजे मुंगीपर्यंत! गती मुंगीचीच आहे, असे चालकांना वाटले असल्यास दोष देता येत नाही. करारातील रकमेतूनच मदतनिसांचे पगार द्यायचे होते, त्यामुळे उशीर म्हणजे मरे यांच्या मुलाबाळांच्या तोंडचा घास. चालकांपैकी काहींनी सुचवले की नामांकित ग्रंथकारांचीच वाक्ये घ्या, वर्तमानपत्रांची नको. मरे यांनी ते मानले नाही. वर्तमानपत्रातला शब्द हाही भाषेतला शब्द आहे, आणि मोठ्यांचीच साक्ष घेणारा इतिहास खोटा, अशी त्यांची धारणा होती. राजीनाम्यापर्यंत पाळी आली. पण ते हटले नाहीत. १८८५ साली शिक्षकाचे काम सोडून ते सहकुटुंब ऑक्सफर्डला गेले. बॅनबरी मार्गावरील त्यांच्या घरामागे पुन्हा पत्र्याची लेखनशाळा उभी राहिली. शेजारच्या प्राध्यापकांच्या खिडकीतून दिसणारे दृश्य बिघडू नये म्हणून ती जमिनीत काही फूट रुतवावी लागली. आत ओल आणि गारठा. वाऱ्याच्या झोतापासून वाचण्यासाठी मरे कधीकधी पाय पेटीत घालून लिहीत बसत. टपाल इतके येई-जाई की घराबाहेर टपालखात्याने तांबडी पेटी बसवली.

या कामाला हातभार लावणाऱ्यांत दोन अमेरिकन होते. एक डॉक्टर मायनर. भ्रमिष्ट अवस्थेत हातून मनुष्यहत्या घडल्यामुळे ते ब्रॉडमूरच्या वेड्यांच्या इस्पितळात बंदिस्त होते, आणि तेथील कोठडीतून त्यांनी हजारो चिठ्ठ्या धाडल्या. त्यांच्या आणि मरे यांच्या पहिल्या भेटीची नाट्यमय कथा पुष्कळांनी रंगवून सांगितली आहे. ती खरी नाही. खरे एवढेच की मरे त्यांना भेटायला जात, त्यांना सन्मानाने वागवीत, आणि १९१० साली त्यांना मायदेशी जाऊ द्यावे म्हणून त्यांनी खटपट केली. दुसरे फिट्झएडवर्ड हॉल. यांचा आपल्या देशाशी घनिष्ठ संबंध. १८४६ साली कलकत्त्याजवळ जहाज फुटल्याने ते या भूमीवर अडकले, संस्कृत शिकले, काशीच्या सरकारी पाठशाळेत प्राध्यापक झाले आणि १८५७ च्या धामधुमीत सागरच्या किल्ल्यात कोंडले गेले. पुढे इंग्लंडमध्ये विद्वानांशी बिनसल्यावर ते एका खेड्यात एकांतात राहू लागले. तेथून वीस वर्षे त्यांनी रोज कित्येक तास मरे यांची मुद्रिते तपासली, एक पैसाही न घेता. दोघांची प्रत्यक्ष भेट कधी झाली नाही.

मरे यांच्याही हातून चुका झाल्या. ‘अपेंडिसायटिस’ हा शब्द फारच पारिभाषिक म्हणून त्यांनी वैद्यकीय सल्ल्यावरून वगळला. १९०२ साली नेमक्या त्याच विकाराने सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक लांबणीवर पडला आणि तो शब्द घरोघरी पोचला. कोशात मात्र नाही! दुसरी चूक त्यांच्या मनाला अधिक लागली. अब्राहामाला दोन पुत्र होते, एक दासीपासून आणि एक स्वतंत्र स्त्रीपासून, असे पौल गलतीकरांस लिहितो. तेथील दासीसाठी जुन्या इंग्रजीत ‘बाँडमेड’ हा शब्द आहे. या शब्दाच्या चिठ्ठ्या तयार होत्या; त्या कोठेशा गहाळ झाल्या आणि १८८७ साली तो भाग त्या शब्दावाचून छापला गेला. १९०१ साली एका वाचकाने विचारणा केली तेव्हा मरे यांनी चूक सरळ कबूल केली. पवित्र शास्त्र रोज वाचणाऱ्या माणसाच्या हातून शास्त्रातलाच शब्द निसटावा!

रोज वाचणारा, असे मी विचारपूर्वक लिहिले आहे. मरे यांच्या घरी नित्य कौटुंबिक उपासना होई. ते मंडळीचे डीकन होते. मद्याला ते शिवत नसत. हे काम देवाने आपल्याला नेमून दिले आहे, तोपर्यंतचे सारे आयुष्य त्याचीच पूर्वतयारी होती, अशी त्यांची श्रद्धा होती. १९०८ साली त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. ऑक्सफर्ड विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली ती १९१४ साली, म्हणजे त्यांनी त्या गावात एकोणतीस वर्षे राबल्यावर. इतर संपादक दिमतीला आले होते: ब्रॅडली, क्रेगी, अनियन्स. तरीही जवळजवळ अर्धा कोश एकट्या मरे यांच्या हातचा आहे. ‘ए’ ते ‘डी’, ‘एच’ ते ‘के’, ‘ओ’, ‘पी’ आणि अखेरीस ‘टी’.

‘टी’ संपवण्याची त्यांना फार इच्छा होती. ऐंशीव्या वाढदिवसापर्यंत सारा कोश पुरा होईल, अशी आशा त्यांनी बाळगली होती. ती सफळ व्हायची नव्हती. १९१५ सालच्या उन्हाळ्यात, आजारी शरीराने, ते लेखनशाळेत येऊन ‘टी’च्या शब्दांवर काम करीत होते. २६ जुलै १९१५ रोजी फुप्फुसाच्या आवरणाच्या दाहाने त्यांचे देहावसान झाले. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांच्याच इच्छेप्रमाणे त्यांना जेम्स लेग या मित्राच्या कबरीशेजारी पुरले. लेग हे चीनमधील मिशनरी. चीनचे प्राचीन ग्रंथ इंग्रजीत आणण्यात त्यांनीही जन्म घालवला होता.

कोश पुरा झाला तो १९२८ साली. दहा खंड, पंधरा हजारांहून अधिक पाने, ४,१४,८२५ शब्द आणि अठरा लाखांवर उदाहरणे. दहा वर्षांच्या कामाला एकोणपन्नास लागली होती. पुढे १९३३ साली पुरवणीचा खंड निघाला. त्यात ‘बी’ या अक्षराखाली, चाळीसहून अधिक वर्षे बाहेर ताटकळत राहिलेल्या हागारेच्या त्या शब्दाला अखेर आत घेण्यात आले.